घमेल्यांची वही

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. घर बांधायला काढलं तेव्हा तिच्यात सिमेंट-खडीचा हिशोब ठेवायचं ठरलं होतं, आणि पहिली सहा पानं तसा तो आहेही. सातव्या पानापासून मात्र नुसती अक्षरं आणि आकडे : अ-१, दोन. अ-२, दोन. अ-३, दीड. या अ-३ भोवती लाल पेनानं गोल केलेला आहे. आमच्या भिंतीतल्या कुठल्या पोकळीत किती घमेली काँक्रीट गेलं, त्याची ही नोंद. पाहुण्यांना दाखवली की हसतात. हसू द्या. हे घर ज्या पद्धतीनं बांधलं ती समजावून सांगायची तर मला या वहीवाचून सांगता येत नाही.

पद्धत तशी सोपी आहे. काँक्रीटची भिंत ओतायची म्हटली की दोन्ही बाजूंनी शटरिंगच्या प्लेटा उभ्या करायच्या, त्यांना टेकू द्यायचे, तारेनं आवळायच्या, मधे सळया बांधायच्या, मग ओतायचं. आणि घट्ट झालं की प्लेटा काढून परत पाठवायच्या. प्लेटांचं भाडं दिवसावर, सेंट्रिंगवाल्यांची टोळी वेगळी. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. आता समजा, प्लेटा काढायच्याच नाहीत. साचा म्हणून जे उभं केलं तेच भिंतीचा भाग होऊन राहिलं. आणि साचाही असा, की एका माणसाला उचलता येतील अशा तुकड्यांत मिळतो आणि रद्द्यावर रद्दा चढवत हातानं रचता येतो. पोकळ ब्लॉक म्हणजे तो साचा.

जर्मनी, हंगेरीकडे यासाठी खास ब्लॉक मिळतात. ५० सेंटिमीटर लांब, २५ उंच, आतून बहुतेक सगळे पोकळ. ते माल न लावता कोरडेच एकावर एक रचतात, खाचांमधून आडव्या सळया टाकतात आणि आख्खी भिंत काँक्रीटनं भरतात. शनिवार-रविवारी घरातल्याच माणसांनी तळघराची किंवा कुंपणाची भिंत उभी करायची, हे तिकडे नवलाचं नाही. आपल्याकडे तो ब्लॉक बाजारात सहज मिळत नाही. मिळतो तो साधा ४०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचा, ज्याला सगळे आठ इंची होलो ब्लॉक म्हणतात. तो मालात बांधायचा आणि ठरलेल्या पोकळ्यांमध्ये सळई घालून काँक्रीट भरायचं. सगळ्या पोकळ्या भरायच्या की निवडक, ते इंजिनिअरनं ठरवायचं. आमच्या इंजिनिअर मॅडमनी कोपरे, जिथे भिंतीला भिंत मिळते त्या जागा, दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजू, आणि मोकळ्या भिंतीत दर ८० सेंटिमीटरला एक, एवढ्या पोकळ्या भरायला सांगितल्या. जोत्याच्या खालच्या मात्र सगळ्या.

हे एवढं कशाला, असं गावात बऱ्याच जणांनी विचारलं. सरळ विटा घ्याव्यात, कॉलम उभे करावेत, स्लॅब टाकावा. विचारणारे चाळिशीच्या आतले होते.

आमचा तालुका औसा. किल्लारी याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपली होती. भूकंप ६.२ चा. म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं मधलाच, आणि तोवरच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गेली ती बहुतेक भिंतींखाली आणि माळवदाखाली.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या वाड्याची पश्चिमेची भिंत कशी पडली होती ते अजून डोळ्यांपुढे आहे. अडीच-तीन फूट रुंदीची दगडी भिंत, चोर शिरायची बिशाद नाही अशी. पण ती मुळात एक भिंत नव्हतीच, दोन होत्या. आतून एक दगडांचा थर, बाहेरून एक, आणि मधे गोटे, कपच्या, मातीचं भरण. दोन्ही थरांना एकमेकांत अडकवणारे आरपार लांब दगड कुठे घातलेच नव्हते. त्या सकाळी आतला थर जागच्या जागी उभा होता, बाहेरचा गल्लीत आडवा झाला होता, आणि मधलं भरण धान्याचं पोतं फाटावं तसं ओघळलं होतं. त्यात वर माळवदाची दीड-दोन फूट माती. जिथे खणाचे लाकडी खांब होते तिथे कित्येकदा खांब-तुळया राहिल्या आणि भिंती गेल्या.

होलो ब्लॉकचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तीच भिंत आठवली. इथेही दोन पापुद्रेच आहेत, एक आत, एक बाहेर, आणि मधे भरण. पण ब्लॉकमध्ये दोन्ही पापुद्र्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या पडद्या जन्मजात असतात. भरण मातीचं नाही, काँक्रीटचं. ते दोन्हीकडे चिकटून बसतं. आणि त्यातून पायापासून स्लॅबपर्यंत सळई जाते. आजोबांच्या गवंड्याच्या आणि माझ्या भिंतीत फरक एवढाच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही जाडजूडच दिसणार.

आता साचा म्हटलं की त्याला काय सोसावं लागतं ते आधी समजून घ्यावं. ओलं काँक्रीट हे जड पाणीच समजा, घनमीटरला २४०० किलो. पाणी जसं हौदाच्या तळाशी भिंतीला जास्त रेटतं तसंच तेही रेटतं. आमच्या ब्लॉकमधली एक पोकळी मोजली तर आतून साधारण १२ बाय १४ सेंटिमीटर, आणि बाहेरचा पापुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाड. सहा रद्दे, म्हणजे चार फूट उंची, एका दमात भरली तर तळच्या ब्लॉकच्या त्या पापुद्र्यावर आतून पाऊणशे किलोचा रेटा येतो. दहा फूट भरली तर १९० किलो. अरुंद पोकळीत घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा कमी, पण हिशोब धरावा तो एवढाच. म्हणून चार फुटांच्या वर एका वेळी भरायचं नाही. आणि मालाचा सांधा कालचा ओला असेल तर तेवढंही नाही. घाई केलेल्या एका बांधकामावर पापुद्रा फुटून काँक्रीट बाहेर वाहिलेलं मी पाहिलंय. कुल्फीचा साचा हातात फुटावा तसं.

ब्लॉक घेताना दुकानदाराला एक गोष्ट आधी विचारा : भोक आरपार आहे का? बाजारातले बरेच ब्लॉक एका बाजूनं बंद असतात. गवंड्याला ते आवडतात, कारण बंद बाजू वर ठेवली की माल पसरायला सोपं जातं, आत सांडत नाही. पण त्यात आपलं काँक्रीट खाली कसं जाणार? नमुन्याचा ब्लॉक डोळ्याला लावून आकाश दिसतंय का बघा आणि मगच ट्रॅक्टर भरा. दुसरं म्हणजे ब्लॉक किती दिवसांचे आहेत. काँक्रीट वाळताना आकसतं. साच्यातून काढून आठ दिवसांत आलेले ब्लॉक भिंतीत बसल्यावर आकसत राहतात आणि वर्षभरानं सांध्यांतून जिन्यासारखे तडे जातात. महिनाभर तरी मुरलेले, कोरडे ब्लॉक घ्यावेत.

कोरडे हा शब्द आमच्या मिस्त्रीमामांना पटला नाही. त्यांची चाळीस वर्षं विटांत गेलेली. वीट पाण्यात बुडबुडे थांबेस्तोवर भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते, हे त्यांच्या हाताला माहीत. मी शाळेत शिकवून आलो तर पन्नासेक ब्लॉक हौदात.

“मामा, हे भिजवायचे नसतात.”

“भिजविल्याबिगर माल धरतोय व्हय सर? उद्या तुमीच म्हनाल, मामानं सांधा कच्चा ठिवला.”

मी त्यांना सांगितलं की भिजलेला ब्लॉक फुगतो, मग भिंतीत वाळून आकसतो. ऊन फार असेल तर माल लावायच्या जागी ओलं फडकं फिरवायचं, बस. त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. मग मॅडमच आल्या आणि त्यांनी सांगितलं, तेव्हा मानलं. ते पन्नास ब्लॉक आम्ही नंतर कंपाउंडला वापरले.

नकाशाचं गणित हा या पद्धतीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. ब्लॉक ४० सेंटिमीटरचा, अर्धा २० चा, उंची २०. म्हणजे घरातलं प्रत्येक माप २० च्या पाढ्यात बसलं पाहिजे. खोली ३ मीटर ६०, दार १ मीटर, खिडकीचा तळ ८० वर. मुलांच्या गणिताच्या वहीतल्या चौकटींवर एक चौकट म्हणजे एक अर्धा ब्लॉक धरून मी आख्खं घर काढलं आणि कुठे ब्लॉक कापावा लागतो ते लाल केलं. चार रात्री बसून लाल जागा दोनवर आणल्या. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे कोपऱ्यावर ब्लॉक आडवा-उभा आपोआप वळतो, आणि एक रद्दा सोडून सांधा फिरला तरी पोकळ्या वरून खालपर्यंत एका ओळीत येतात. कुणीतरी फार विचार करून ते माप ठरवलंय. आमच्या चुलत्यांनी मधेच वास्तूचा आय काढून आणला आणि दिवाणखाना सहा इंचांनी वाढवायला सांगितलं. सहा इंच २० च्या पाढ्यात बसत नाहीत. शेवटी आतल्या गिलाव्यावर तडजोड झाली. किती झाली ते त्यांना सांगितलेलं नाही.

आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर येते. तिच्यावर कुठलीच ताठ भिंत टेकवू नये. पाच फूट खणल्यावर मुरूम लागला, तिथे पीसीसीचा थर, त्यावर सळईचं फूटिंग. चारीत परत भरताना काळी माती वापरली नाही, मुरूमच आणला. पायाबद्दल याहून जास्त सांगत बसत नाही, तो बाकीच्या घरांसारखाच आहे. एक गोष्ट सोडून.

फूटिंगमधून वर येणाऱ्या सळया. इथे सळई कॉलमच्या मधोमध नाही, ब्लॉकच्या १२ बाय १४ च्या भोकाच्या मधोमध यायला हवी. आणि ती पुरायची आहे ब्लॉक येण्याच्या पंधरा दिवस आधी. म्हणून पहिला रद्दा आधी कोरडा मांडायचा. सगळीकडे, माल न लावता, मधे सांध्याची दहा मिलिमीटरची फट धरून. मग प्रत्येक भरायच्या भोकाची जागा दोरीवर रंगानं खूण करून घ्यायची, ब्लॉक उचलायचे आणि त्या खुणांखाली सळया बांधायच्या. आम्ही हे सगळं केलं, फक्त उत्तरेच्या भिंतीवर फट धरायला विसरलो. ३ मीटर ६० च्या भिंतीत नऊ ब्लॉक, नऊ वेळा एक सेंटिमीटर. शेवटच्या दोन सळया बरोबर ब्लॉकच्या पडद्याखाली आल्या.

मामा पाइप घालून त्या वाकवायला निघाले होते. मॅडमनी थांबवलं. मुळाशी मोडून वाकवलेली सळई ताण आला की आधी सरळ व्हायला बघते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. त्या दोन कापल्या, बरोबर जागी ड्रिलनं भोकं पाडून केमिकल भरून नव्या बसवल्या. तेवढ्यासाठी लातूरहून माणूस आणावा लागला. एक सेंटिमीटर फुकट मिळत नाही.

बांधकाम सुरू झालं की ते विटांपेक्षा भराभर वर जातं. एक ब्लॉक सतरा-अठरा किलोचा, दिवसाच्या शेवटी कंबर सांगते. माल मात्र कमी लागतो, कारण तो पूर्ण पसरायचा नाही. पुढच्या आणि मागच्या कडेवर दोन पट्टे. फक्त जी पोकळी भरायची आहे तिच्या चारी बाजूंनी, म्हणजे काँक्रीट शेजारच्या रिकाम्या पोकळीत पळत नाही. ओळंबा, लेव्हल पाइप, सुतळी, सगळं नेहमीचंच.

वेगळं ते आतल्या बाजूला. ब्लॉक दाबून बसवला की माल जसा बाहेर फुगतो तसा आतही फुगतो. बाहेरचा थापीनं कापला जातो. आतला तसाच जिभेसारखा लोंबत राहतो आणि वाळतो. अशा चार-सहा जिभा झाल्या की काँक्रीट मधेच अडतं. म्हणून प्रत्येक रद्द्यानंतर काठीला फडकं गुंडाळून भोकातून फिरवायची. आणि जिथे भरायचं आहे त्या प्रत्येक पोकळीच्या तळाशी, पहिल्या ब्लॉकला, तळहाताएवढी खिडकी कापून ठेवायची. खाली पडलेला माल, खपल्या, एकदा तर बेडूक, तिथून काढता येतो. उजेडही दिसतो. सळईला सळई नीट जोडली आहे का ते बघता येतं. जोड व्यासाच्या पन्नासपट लांब. १२ एमएमच्या सळईला दोन फूट. भरायच्या आधी खिडकीला फळी लावून टेकू द्यायचा.

गवंड्यांना या खिडक्यांचा फार राग येतो. चांगला नवा ब्लॉक आणि त्याला भोक पाडायचं म्हणजे काय!

आता भरण. एम-२० काँक्रीट, पण त्यात नेहमीची २० एमएमची खडी नाही, दहा एमएमची बारीक. सळई मधे आल्यावर कडेला जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात. मोठी खडी तिथे एकमेकीला धरून कमान करते. पातळपणा स्लॅबच्या काँक्रीटपेक्षा जास्त हवा. कारण ब्लॉकच्या कोरड्या भिंती ओतल्या ओतल्या पाणी ओढतात. किती पातळ? मामांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, पिठलं. आमटी नको आणि झुणका तर नकोच. पण पातळपणा नुसत्या पाण्यानं आणायचा नाही. ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी, आणि बाकीचं काम प्लॅस्टिसायझरवर सोपवायचं. पाण्याचा डबा मी कुणाच्या हाती दिला नाही.

पत्र्याच्या डब्याचा तळ काढून त्याचं नसराळं केलं. एकानं घमेलं रिकामं करायचं, दुसऱ्यानं १६ एमएमच्या लांब सळईनं कोचत राहायचं. सुईचा व्हायब्रेटर मिळाला तर उत्तम, पण पापुद्र्याला टेकवून धरला तर ब्लॉकच फुटतो. एक फेरी झाली की दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पहिल्या पोकळीपासून कोचायचं. तोवर ब्लॉकनी पाणी प्यालेलं असतं, काँक्रीट चार बोटं खाली बसलेलं असतं आणि आत बारीक पोकळ्या झालेल्या असतात. ही दुसरी फेरी सगळे टाळतात. पहिल्या फेरीत सळई आत जाताना नुसती जाते. दुसरीत ती जड लागते आणि वर काढताना च्यक् असा आवाज येतो. तो आवाज आला की भरण एकजीव होतंय.

वर दोन बोटं जागा सोडायची. आजचं काँक्रीट बरोबर ब्लॉकच्या कडेला थांबवलं तर काँक्रीटचा सांधा आणि मालाचा सांधा एका रेषेत येतात, आणि भिंत हलली तर पहिल्यांदा तिथेच कापली जाईल.

आणि वही. पोकळी १२ बाय १४, उंची १२० सेंटिमीटर, म्हणजे वीस लिटर. आमचं घमेलं मी बादलीनं मोजलं होतं, काठोकाठ न भरता दहा लिटर. म्हणजे एका पोकळीला दोन घमेली, सळईचा आणि वरच्या दोन बोटांचा हिशोब वजा जाता थोडं कमी. अ-३ नं दीड घेतलं आणि वर आली.

“भरली की सर,” मामा म्हणाले. भरलेलीच दिसत होती.

मी हातोडीच्या दांड्यानं वरून खाली ठोकत गेलो. वरचे तीन ब्लॉक ठक्क, ठक्क. चौथ्यावर ढब्ब. पाचवाही ढब्ब. सहावा परत ठक्क. खाली गेलेलं आणि वर राहिलेलं यांच्यामध्ये फूटभर नुसती हवा. काँक्रीट अजून ओलं होतं, म्हणून चौथ्या ब्लॉकला छिन्नीनं भोक पाडलं. आत मालाची जीभ, चांगली तीन बोटं पुढे आलेली, तिच्यावर खडी बसली होती. ती तोडली आणि वरचं सगळं काँक्रीट धप्पकन खाली गेलं. बरोबर अर्धं घमेलं अजून बसलं. मामांनी त्यानंतर एक शब्द न बोलता प्रत्येक पोकळीत काठी घालून पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून घमेल्यांच्या रेघा तेच मारू लागले.

गिलावा झाल्यावर ही हवा कुणालाच सापडली नसती. भिंत तेवढीच जाड, तेवढीच सरळ. आजोबांच्या भिंतीसारखी.

उभ्या सळयांइतक्याच महत्त्वाच्या आडव्या पट्ट्या. जोत्यावर, खिडकीच्या तळाशी, लिंटेलवर आणि छताखाली, घराला चारी बाजूंनी न तुटणारा कमरपट्टा. किल्लारीनंतर ही पट्टी मराठवाड्यात इतक्यांदा सांगितली गेली की आता साध्या विटेच्या घरातही लोक लिंटेलची पट्टी सगळीकडून फिरवतात. आमच्याकडे तिला वेगळं सेंट्रिंग लागलं नाही. यू आकाराचे ब्लॉक मांडले, त्या नाल्यात दोन सळया आणि रिंगा टाकल्या, उभ्या सळया त्यातून वर काढल्या आणि भरलं. दारा-खिडक्यांवर तेवढी खालून फळी.

सामानाचा अंदाज हवा असेल तर १० मीटर लांब, ३ मीटर उंच सलग भिंत धरा. ब्लॉक ३७५, फूटतूट वेगळी. सगळ्या पोकळ्या भरल्या तर काँक्रीट अडीच घनमीटर, म्हणजे एक ब्रासला थोडं कमी, आणि सिमेंट वीस गोण्या. आमच्यासारख्या निवडक भरल्या तर पाच-सहा गोण्यांत भागतं. वाचतं ते प्लेटांचं भाडं, जोडणीचा माल आणि दिवस. वाचत नाही ते तुमचं लक्ष.

स्वतःचं घर ब्लॉकनं स्वतः बांधायचं हे वेड जुनं आहे. अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० मध्ये पोकळ ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि थोड्याच वर्षांत सीअर्स रोबक ही टपालानं माल पाठवणारी कंपनी असली यंत्रं शेतकऱ्यांना घरपोच विकू लागली. पुढे फ्रँक लॉइड राइट हे थोर वास्तुकार त्याच्या नादी लागले. लॉस एंजेलिसमधलं त्यांचं १९२४ चं एनिस हाउस नक्षीदार ब्लॉकचं. सांध्यांच्या खोबणीतून सळया विणलेल्या. ब्लॉकमध्ये जागेवरचाच ठिसूळ ग्रॅनाइटचा चुरा वापरला, सळया गंजल्या, आणि ते घर पुढे दुरुस्त्याच मागत राहिलं. १९५० च्या दशकात त्यांनी मध्यमवर्गीय माणसाला स्वतः बांधता येईल अशी ब्लॉकघरांची पद्धत काढली. प्रत्यक्षात ती इतकी नाजूक निघाली की कसलेले कारागीर लागले आणि खर्च हाताबाहेर गेला. मला यात दिलासा वाटतो. राइटना जे जमलं नाही त्याबद्दल मी मिस्त्रीमामांवर कशाला चिडायचं?

दोन गोष्टींनी मात्र अजून त्रास होतो. पहिली ऊन. पोकळ ब्लॉक थंड असतो असं विकणारे सांगतात, पण तो थंडावा पोकळीतल्या हवेचा. ती तुम्ही काँक्रीटनं भरली की भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री खोलीत सोडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर असतो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला रात्री दहा वाजता हात लावून बघा. तिथे मॅडमनी भरायच्या पोकळ्या लागतील तेवढ्याच ठेवल्या, मी बाहेरून मांडव घालून गारवेल चढवला, तेव्हा कुठे झोप लागते. दुसरी पाऊस. ब्लॉक सच्छिद्र असतो. बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षी करू म्हणाल तर या वर्षी आतला रंग सोलून निघेल.

आणि पाणी मारण्याबद्दल. विटेच्या भिंतीवर पाइप धरून संध्याकाळभर पाणी मारणं हा आपल्याकडे जवळपास करमणुकीचा कार्यक्रम आहे. इथे तसं धबाधबा मारायचं नाही. सांधे आणि भरलेल्या पोकळ्यांची तोंडं सात-आठ दिवस ओलसर राहतील एवढंच, गोणपाट टाकून आणि हलका फवारा मारून.

विजेचे पाइप भरायच्या आधी रिकाम्या पोकळ्यांतून सोडून ठेवावेत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सगळे सोडले. स्वयंपाकघरातल्या एका पॉइंटचा राहिला, मिक्सरचा. आठ महिन्यांनी वायरमन आला, ड्रिल काढलं आणि ओट्याच्या वर भिंतीवर टिचकी मारत उभा राहिला.

“सर, इथं भोक पाडलं तर आत काय लागंल?”

मी आत गेलो आणि वही घेऊन आलो. क-७ मध्ये सळई होती. क-८ रिकामी.